गाडी बिघडली नव्हती

धिरडी तव्यावर होती म्हणून तिमोफेईचं दाराकडे आधी लक्ष गेलं नाही. गेलं तेव्हा तो उलथणं हातात धरून तसाच थांबला. आपण मघापासून कशाची तरी वाट पाहतो आहोत हे त्याला त्या क्षणी जाणवलं, आणि कशाची ते कळायला आणखी एक धिरडं करपावं लागलं. उद्यापासून मोठा उपास सुरू होणार होता, थेट ईस्टरपर्यंतचा, मांस, दूध, लोणी, अंडी सगळं बंद. आज क्षमेचा रविवार. लग्न झाल्यापासून दर वर्षी या संध्याकाळी क्लावा चर्चमधून यायची, बूट काढायची, डोक्याचा रुमाल न सोडताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, आणि कमरेत वाकून, जमिनीला हात लावून म्हणायची, "तिमोशा, माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा कर." यावरचं उत्तर ठरलेलं असतं. देव करील, मीही केली. चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही ते येतं. तिमोफेईने ते जन्मात कधी दिलं नव्हतं. तो टेबलापाशी पेपर उघडून बसलेला असायचा, आणि पेपरामागूनच म्हणायचा, "केली, केली. आता चहा टाक." कधी लहर लागली तर, "बघू, विचार करून सांगतो." क्लावा थोडा वेळ तशीच वाकून राहायची, मग कंबर धरून सरळ व्हायची आणि खरंच चहा टाकायची. तो माणूस वाईट नव्हता. नगरपालिकेच्या पाणीखात्यात इंजिनियर होता, देवावर विश्वास नव्हता, आणि बायकोने आपल्यासमोर वाकावं याची त्याला लाज वाटायची. निदान तो स्वतःला तसं सांगायचा. आज पेपर नव्हता, धिरडी होती, आणि दार रिकामं होतं. मग चपला फरफटत क्लावा आली. बरोब्बर त्याच जागी, चौकटीला हात लावून उभी राहिली. तिने त्याला नीट न्याहाळलं, धिरड्यांचा वास घेतला आणि अदबीने विचारलं, "अहो दादा, खानावळ बंद झाली का?"

"नाही," तो म्हणाला. "उघडी आहे. बसा."

ती बसली. तिने बरीच धिरडी खाल्ली, लोणी थापून थापून, आणि उठताना बशी आपण होऊन मोरीत नेऊन ठेवली, कारण खानावळीत तसंच करायचं असतं. तो तिच्याकडे पाहत राहिला. दुपारी चर्चमध्येही असंच झालं होतं. यंदा तिला एकटीला वाट सापडली नसती म्हणून तोच हाताला धरून घेऊन गेला होता, टोपी बगलेत मारून खांबाशी उभा राहिला होता, पाहुण्यासारखा. शेवटी सगळे एकमेकांसमोर वाकायला लागले. आधी फादर लोकांपुढे वाकले, मग लोक एकेक करून पुढे सरकत गेले, प्रत्येक जण प्रत्येकासमोर. क्लावाला तिथले सगळे ओळखतात. म्हाताऱ्या बाया, गाणाऱ्या मुली, मेणबत्त्या विकणारी झेनिया, सगळ्या तिच्यापुढे वाकून म्हणत होत्या, क्लावदिया, मला क्षमा करा. आणि क्लावा गोंधळून प्रत्येकीला विचारत होती, "कशाची रांग आहे? काय आलंय? साखर आली का?" झेनिया तर हसता हसता रडायला लागली. रांग संपली. खांबाशी ती दोघंच उरली. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तो तिच्याकडे, आणि तो वाट पाहत होता. सवयच होती ना. वाकायचं तिने, वाट पाहायची त्याने. आपणही वाकू शकतो, रांगेत शेवटचे आपणच आहोत, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. झेनियाने मेणबत्त्या विझवल्या आणि दोघं बाहेर पडली. बर्फ वितळून रस्त्याकडेचे पाट भरून वाहत होते. क्लावा म्हणाली, "इतका वेळ उभं राहून शेवटी काहीच मिळालं नाही."

सोमवारी सकाळी त्याने उपास धरला. कोणाला न सांगता, काही न ठरवता, चहात दूध घालता घालता हात आवरला एवढंच. मग फ्रीजमधलं सॉसेज क्लावाला कापून दिलं आणि स्वतः उकडलेला बटाटा मीठ लावून खाल्ला. तिला उपास माफ आहे, आजाऱ्याला माफ असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ती धडधाकट असताना या शहराला फ्रुंझे म्हणायचे त्या सोव्हिएत दिवसांत, जेव्हा ऑफिसात कळलं तर त्याची बढती अडली असती, तेव्हाही तिने एक वर्ष सोडलं नव्हतं. त्याच्यासाठी मटण शिजवायची, चव न घेता मीठ अचूक घालायची, आणि कोपऱ्यात बसून खारवलेली कोबी खायची. तो चिडवायचा, "तुझ्या देवाला माझ्या सूपशी काय घेणं?" आता ती सॉसेजचे तुकडे बोटांनी उचलून खात होती आणि त्याला वाटत होतं की घरातली एक गोष्ट, जी कायम चालू होती, ती बंद पडली. नळ टपटपायचा थांबावा आणि आपण दचकून जागं व्हावं तसं. मग तोच ती चालू ठेवू लागला. समोरच्या घरातली बुरुल दुपारी क्लावाजवळ बसायला यायची. बुरुलचा रमजान चालू होता, तिच्याही ओठांना कोरड पडलेली. टेबलावरची बटाट्याची बशी पाहून ती म्हणाली, "हे काय काका, तुम्हीसुद्धा? काकूंचा देव तुम्हाला चावला की काय?"

"डॉक्टरने सांगितलंय. कोलेस्टेरॉल."

"डॉक्टरने लोणच्याची काकडी आणि ब्रेड सांगितलं?" बुरुलने कमरेवर हात ठेवले. "आमचं बरं आहे बाई. सूर्य बुडला की सुटका. तुमचं म्हणजे दिवसभर खायचं आणि चव कशालाच नाही. आणि तोंड बघा, एरंडेल प्यायल्यासारखं. उपास धरायचा तर जरा हसून धरा. काकू धरायच्या तेव्हा कोणाला कळायचंही नाही."

हे त्याला लागलं. कारण खरं होतं.

उपासाने देव जवळ येतो असं क्लावा म्हणायची. तिमोफेईच्या जवळ देव आला नाही, तोकमोक आलं. बटाटा सोलताना, गरम पाण्याची पिशवी भरताना, क्लावाचे मोजे चढवताना, केव्हाही. तोकमोकला क्लावाची आई राहायची, इथून मोटारीने तास-दीड तासावर, कुडाचं घर, दारात जर्दाळूचं झाड. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्षमेच्या रविवारी म्हातारीचा निरोप आला होता की छातीत बरं नाही, ये. क्लावाला जायचं होतं. आईला बघायला तर होतंच, पण त्याहून जास्त, त्या दिवशी आईपुढे वाकायला. आईशी तिचं लग्नापासून धड बोलणं नव्हतं. देव न मानणाऱ्याशी लग्न केलंस, असं म्हातारीने दारातच सुनावलं होतं, आणि क्लावानेही काहीतरी सुनावलं होतं जे तिने तिमोफेईला कधी सांगितलं नाही. मोटार होती, पिवळी, छोटी, खोकणारी, पण चालायची. आणि त्या दुपारी खालच्या मजल्यावरच्या गेनाकडे नवाकोरा रंगीत टीव्ही आला होता आणि आइस हॉकीचा सामना होता. एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर तिमोफेईला बरं वाटलं असतं. दुसरी बाई, दारू, काहीतरी. त्याने जिन्यात हात पुसत सांगितलं, "कार्बोरेटर गेलाय." ती म्हणाली, "मग मी बसने जाते." तो म्हणाला, "थंडीत बसने कुठे मरायला जातेस? पुढच्या रविवारी नेतो की." तिने रुमाल सोडला. सामना आपलेच लोक जिंकले. तो वर आला तेव्हा ती चर्चमधून परतली होती, आणि नेहमीसारखी दारात उभी राहून त्याच्यापुढे वाकली. त्याच्यापुढे. तिमोशा, माझं काही चुकलं असेल तर. आणि त्याने पेपर उघडला. म्हातारी त्याच आठवड्यात गेली. तोकमोकला निघताना मोटार पहिल्याच फटक्याला चालू झाली, आणि क्लावा शेजारी बसून डोळे पुसत म्हणाली, "देवाची कृपा, वेळेवर दुरुस्त झाली." तो "हो" म्हणाला. रस्ताभर बर्फाच्छादित डोंगर उजव्या हाताला पळत होते आणि ते इंजिन शिवणाच्या मशीनसारखं गोड चालत होतं, एकदाही खोकलं नाही. म्हातारीच्या घरी पोचल्यावर क्लावाने आईच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं, सगळ्यांसमोर जमिनीला कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटली, आणि मग उभी राहून मान जरा कलती करून तिने कान दिला. किती तरी वेळ. बाया तिला धरायला पुढे झाल्या तरी ती ऐकतच होती. तिमोफेई दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. नंतर त्याने ती मान विसरण्याचा खूप प्रयत्न केला आणि बऱ्यापैकी जमलंही. पाणीखात्यात काम खूप असायचं.

म्हातारीच्या घरून क्लावाने एकच वस्तू आणली होती, फळकुटावर चिकटवलेलं देवाच्या आईचं कागदी चित्र, धुराने तपकिरी पडलेलं. ते खोलीच्या कोपऱ्यात होतं. तिमोफेई आता रोज सकाळी त्याच्यापुढे उभा राहू लागला. काय म्हणायचं ते येत नव्हतं. क्लावाची प्रार्थनेची पोथी होती, पण ती चर्चच्या जुन्या भाषेत, आणि परक्याचे कपडे घातल्यासारखं त्याला वाटायचं. म्हणून तो साधं बोलायचा, ऑफिसात वरच्या साहेबाशी बोलायचा तसं. हे बघा, मला काही नको, तिला एक सकाळ द्या. अर्धी द्या. तिने मला ओळखावं, मी तिला सांगावं की गाडी बिघडली नव्हती, आणि मग तिला वाटेल ते ती मला बोलू दे. शिव्या देऊ दे. क्षमा नाही केली तरी चालेल, पण नाही म्हणायचं ते क्लावाने, या खानावळीतल्या बाईने नव्हे. चित्रातल्या बाईने काही उत्तर दिलं नाही, तिच्या कडेवरच्या मुलानेही नाही. हळूहळू तो वैतागू लागला, आवाज चढवू लागला. तुला जमत नसेल तर तसं सांग, म्हणाला. कधी अहो वरून अरे वर आला ते त्याला कळलंही नाही. एका सकाळी तो असाच तणतणत होता आणि एकदम गप्प झाला, कारण त्याला वाटलं की तिकडे पलीकडे कोणीतरी पेपर उघडून बसलंय. ऐकू येतंय त्याला सगळं, पण मान वर करत नाही. तिमोफेईला हसू आलं आणि मग हसू जिरलं. दर वर्षी ती अशीच वाकून उभी राहायची, त्या पेपराच्या मागे कोण आहे ते ठाऊक असून. तरी पुढच्या वर्षी परत यायची. त्याला देवाचा राग आला, पण घरच्या माणसाचा यावा तसा, आणि आपल्याला तक्रारीचा हक्क नाही हेही कळलं. त्या दिवसापासून तो तिथे जास्त वेळ उभा राहू लागला. बोलायचा मात्र कमी.

चर्चमध्येही तो गेला, एका आडवारी, बुरुलला बसवून. फादर निकोन तरणे होते, दाढी नीट भरलेली नव्हती, सर्दीने नाक लाल झालेलं. तिमोफेईने सगळं सांगितलं, हॉकीसकट. फादरनी त्याच्या डोक्यावर गळ्यातला लांब पट्टा टाकून प्रार्थना म्हटली आणि म्हणाले, "देवाने क्षमा केली, आजोबा."

"देवाचं मी विचारत नाही. देवाला हॉकीचं काय. तिची क्षमा?"

"तिला विचारा."

"ती मला खानावळवाला समजते, फादर. मोठ्या मिनतवारीने सॉसेज मागते."

"तरी विचारा."

"आणि उत्तर कोण देणार? तुम्ही?"

फादरनी रुमाल काढून नाक पुसलं. बराच वेळ पुसलं. "ते मला नाही माहीत, आजोबा," ते म्हणाले. तिमोफेईला त्यांची कीव आली. बिचारा पोरगा. त्यांच्यात फादरना बायको असते, पण याच्या लग्नाला अजून वर्ष झालं नसेल.

एकदा सकाळ मिळाली. मागितली तशीच, न सांगता. पाट आता गढूळ झाले होते, खाली बाकावर म्हातारे बुद्धिबळ मांडून बसू लागले होते, बुरुलचा रमजान संपून ईदही होऊन गेली होती. तिने आणलेले बोरसोक, पिठाचे तळलेले गोळे, क्लावाने बशीभर खाल्ले होते आणि तिमोफेईने लोण्यातले म्हणून नुसते हुंगले होते. तो कांदा परतत होता. मागून आवाज आला, "तिमोशा, तुझा स्वेटर कोपरावर उसवलाय. काढ, शिवून देते." तोच आवाज, जरासा रागाचा, हक्काचा. एवढे दिवस घोकलेलं सगळं जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं, कारण हातात तापलेली कढई होती, आणि मूर्खासारखा त्याने आधी गॅस बंद केला, मग कढई उतरवली, मग हात पुसले. जन्मभर तो हात पुसूनच बोलत आला होता. वळला तेव्हा ती खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत होती. "क्लावा," तो म्हणाला, "क्लावा, ऐक, तोकमोकला जायचं होतं ना आपल्याला, त्या रविवारी," आणि तिने मान वर केली, डोळे स्वच्छ, निळे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बशीसारखे. "तोकमोकची बस गेली का?" ती म्हणाली. "माझी आई वाट बघत असेल हो." तो खाली बसला. मग त्याने स्वेटर काढून तिच्या मांडीवर ठेवला, सुईत दोरा ओवून दिला, आणि तिने तो शिवला, बारीक, सुंदर टाक्यांनी, बाही आणि अंग एकत्र. तो स्वेटर आता घालता येत नाही. त्याने तो उसवला नाही.

ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यातला गुरुवार आला. या दिवशी क्लावा घर धुऊन काढायची आणि कांद्याच्या सालींत अंडी रंगवायची. तिमोफेईने ते दोन्ही केलं, वाकडंतिकडं. साली त्याने हिवाळाभर साठवल्या होत्या, का ते ठाऊक नसताना. पातेल्यात पाणी तांबूस उकळत होतं, खोलीत तो जुना वास भरला होता. बुरुल बाजारात गेली होती, संध्याकाळी येईन म्हणाली होती. क्लावा सोफ्यावर बसली होती, हातात एक रंगवलेलं अंडं, ते ती गालाला लावत होती कारण ते कोमट होतं. ऊन गालिच्यावर पडलं होतं. तिमोफेईला अचानक वाटलं की आता. तिच्या डोळ्यांत ओळख होती असं नाही, नव्हतीच. सकाळ पुन्हा मिळणार नाही हे त्याला पटलं होतं, एवढंच. आणि तो अजूनही वाट पाहत होता, त्या दिवशी खांबाशी पाहत होता तशीच, तिने आधी ओळखावं, आधी तिने, मग मी. त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने खुर्चीचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, तो कटकन वाजला, मग दुसरा, मग दोन्ही हात, मग कपाळ. गालिच्याला धुळीचा आणि साबणाचा वास येत होता. जन्मात तो कोणापुढे इतका खाली आला नव्हता. इथून तिच्या चपला दिसत होत्या, आणि सुजलेले घोटे.

"क्लावा," तो गालिच्याशी बोलला. "गाडी बिघडली नव्हती. मी खोटं बोललो. गेनाकडे हॉकी बघायला गेलो. तुझ्या आईपुढे तुला वाकू दिलं नाही मी. दर वर्षी तू माझ्यापुढे वाकलीस, मी एकदाही उत्तर दिलं नाही. मला क्षमा कर."

वर काही हललं नाही. पातेलं उकळत होतं. खाली कोणीतरी शह दिला असावा, म्हातारे हसले. त्याने कपाळ उचललं नाही, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण कान देतो आहोत, मान जरा कलती करून. डोळ्यांतून पाणी येऊन नाकाच्या शेंड्यावरून गालिच्यात जिरत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग चपला हलल्या. सोफा कुरकुरला. तिने टेबलाचा पाय धरला, मोठा सुस्कारा टाकला, आणि कष्टाने, टप्प्याटप्प्याने, तीही खाली आली, त्याच्या शेजारी, गुडघ्यांवर. तिचं तोंड त्याच्या तोंडाजवळ आलं. श्वासाला अंड्याचा आणि कांद्याचा वास होता.

"काय हरवलं हो दादा?" तिने हळूच विचारलं.

त्याने मान तिच्याकडे वळवली.

"रडू नका," क्लावा म्हणाली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग गालिच्यावर तळवा सपाट ठेवून ती चाचपू लागली, उन्हातून सावलीत, सोफ्याच्या पायापाशी, बोटांनी कडा उचलून उचलून. "घरातच पडलं असेल ना? मग सापडेल. आपण दोघं बघू."

त्याला उठायचं होतं, तिला उठवायचं होतं. पण गुडघ्यांत त्राण नव्हतं, तिच्याही नव्हतं, आणि बुरुल यायला अजून अवकाश होता. ती आता ओणवी होऊन सोफ्याखाली हात घालत होती, रुमाल सुटून खांद्यावर आला होता. तिमोफेई तिच्याकडे सरकला, आणि तोही सोफ्याखाली हात घालून शोधू लागला.